लाकडात जाणारी वायर

१ जानेवारी १९८६, बुधवार

ही डायरी ऑफिसला स्टेशनरी पुरवणाऱ्याने दिली. बांधणी बरी आहे. रोज लिहायचं ठरवलंय. कुणी वाचायचं नाही, मी सोडून.

यंदाचे संकल्प. सकाळी लवकर उठून आरे रोडने चालणे. ऑफिसात दुपारी एकच चहा. वसुधाशी वाद झाला तर आपण आधी गप्प बसणे. आणि मुख्य म्हणजे माझ्या टेक्निकल अंगाला वाव देणे. अकाउंट्समध्ये ते वाया चाललंय. रेडिओ दुरुस्तीच्या पोस्टल कोर्सचे दोन धडे मी कॉलेजात असताना पूर्ण केले होते. तिसरा धडा पोस्टात गहाळ झाला, नाहीतर आज चित्र वेगळं असतं.

चालायला उद्यापासून.

२ जानेवारी, गुरुवार

गेलो नाही. थंडी.

संध्याकाळी घरात मोठा प्रकार. माणिकची गिटार घोंऽऽ असा आवाज करते. माणिक म्हणजे वसुधाचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी चिपळूणहून शिकायला आमच्याकडे गोरेगावला आला, आणि शिकला गिटार. बंद केलेल्या गॅलरीत झोपतो, तिथेच वाजवतो. बारशी, वाढदिवस, लग्नाची रिसेप्शनं. जवाहरनगरातल्या चार मुलांच्या शिकवण्या. पोरगा चांगला आहे. मला भाऊजी भाऊजी करतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात तेवढाच आवाज.

तर येत्या पंचवीस तारखेला त्याची ट्रायल आहे. गुणाजी परब यांचा ऑर्केस्ट्रा. त्यांचा नेहमीचा गिटारवाला दुबईला चाललाय, जागा रिकामी होणार. फेब्रुवारीत कोकणचा दौरा. माणिक गेले आठ दिवस धड जेवत नाही.

आणि नेमकी आता ही घोंघों. अँप्लिफायर लावला की सुरू. तारांवर हात ठेवला की कमी होते, हात काढला की परत. मी दहा मिनिटं शांतपणे निरीक्षण केलं. दोष आत आहे.

४ जानेवारी, शनिवार

वसुधाच्या मालनमावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. माणिक चिपळूणला गेला, दहा-बारा दिवस तरी लागतील. वांद्र्याला एक जण गिटार दुरुस्त करतो म्हणे, परत आलो की त्याला दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, वांद्र्याला कशाला? घरात माणूस असताना? मी बघतो.

माणिक म्हणाला, नको भाऊजी. प्लीज, तुम्ही हात लावू नका.

किती संकोची मुलगा. मला त्रास नको म्हणून जीव तुटतो त्याचा. निघतानासुद्धा जिन्यावरून परत वर आला आणि तेच बोलून गेला. वसुधाला म्हटलं, तो आला की त्याला सरप्राइज देऊ. ती म्हणाली, त्याने काय सांगितलं ते ऐकलंत ना? मी गप्प बसलो. संकल्प पाळला.

५ जानेवारी, रविवार, सकाळ

गिटार उघडली.

लाल रंगाची आहे, कलकत्ता मेक. पुढे पांढऱ्या प्लास्टिकची तबकडी, तिच्यावर दोन पिकअप, दोन नॉब, एक स्विच. तबकडीचे स्क्रू काढले की सगळी पोटातली आतडी बाहेर. वसुधाला समजावून सांगितलं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. वर गिटारची तार थरथरली की खाली वीज तयार होते, ती वायरने अँप्लिफायरला जाते. सोपं आहे. ती म्हणाली, सोपं आहे तर मग तुम्हाला घाम का आलाय?

कोणती वायर कुठे जाते त्याचं चित्र काढून ठेवावं, असा विचार आला होता. पण माझ्या लक्षात राहतं.

दुपार

दोष सापडला! एक काळी वायर नॉबच्या पाठीवरून निघून सरळ लाकडात जाते. लाकडात एक भोक आहे, त्यात शिरते आणि संपते. कशालाच जोडलेली नाही. लाकडात करंट कशाला हवा? हे कलकत्त्याचे कारागीर काय डोळे मिटून काम करतात का? सगळी वीज तिथे लाकडात मुरत असणार.

कापली. तुकडा आत ढकलून दिला, म्हणजे परत वळवळायला नको.

संध्याकाळ

घोंघों वाढली. आता तारांवर हात ठेवूनही कमी होत नाही.

हे सुधारणेचं लक्षण आहे. पूर्वी आवाज कमीजास्त व्हायचा, आता एकसारखा येतो. म्हणजे यंत्रणा स्थिर झाली.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसात शरच्चंद्रला सांगितलं. तो परचेसमध्ये असतो, वाकोल्याला राहतो, स्वतःच्या टीव्हीचा बूस्टर स्वतः बसवलाय त्याने. लाकडाच्या वायरबद्दल ऐकून म्हणाला, बरोबर केलंस विद्याधर, लाकूड बॅड कंडक्टर असतं. टेक्निकल माणसाशी बोलण्याचा हाच फायदा. एका वाक्यात पटतं.

रविवारी येतो म्हणाला, सोल्डरिंगचं सामान घेऊन.

दुपारी तीन चहा झाले. चर्चेमुळे.

८ जानेवारी, बुधवार

एक विलक्षण गोष्ट घडली. संध्याकाळी गिटार अँप्लिफायरला जोडून नॉब फिरवत होतो, तर गिटारमधून बाईचा आवाज आला. स्पष्ट. पालेभाज्यांची आवक वाढली असून कोथिंबिरीचे भाव उतरले आहेत.

रेडिओ! मालाडचं रेडिओचं ट्रान्समिशन गिटारमध्ये येतंय. घरात रेडिओ बंद. गिटार बोलतेय. वसुधा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. शेजारच्या सुंदराबाई आल्या. त्यांचा स्वतःचा ट्रान्झिस्टर दिवाळीपासून बंद आहे, त्यामुळे बसल्या, ते भजन संपल्यावरच उठल्या. जाताना विचारलं, बातम्या किती वाजता देते हो ही?

मला अभिमान वाटला हे कबूल करतो. पोस्टल कोर्सच्या तिसऱ्या धड्यात हेच होतं. रेडिओ रिसीव्हर बनवणे.

वसुधा म्हणाली, माणिकला रेडिओ नको आहे, गिटार पाहिजे. मी गप्प.

१२ जानेवारी, रविवार

शरच्चंद्र आला. सोबत सोल्डरिंगचं मोठं आयर्न, म्हणजे ती तापणारी दांडी. पंख्याच्या मोटरच्या कामाला वापरतात तसली, जाडजूड. ती तापेपर्यंत पोहे झाले.

त्याचं निदान असं की सगळे जोड कच्चे आहेत, एकदा सगळे ताजे करून घ्यावेत. मी धरलं, त्याने टाकलं. मग त्याने धरलं, मी टाकलं. व्हॉल्यूमच्या नॉबवर जरा जास्त वेळ ठेवलं गेलं. धूर आला. आता नॉब फिरत नाही. जिथे आहे तिथेच आहे. सुदैवाने बराच मोठ्या आवाजावर अडकलाय.

पुलाचे, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात त्या ब्रिजचे, स्क्रू सोडवायचा प्रयत्न केला. शरच्चंद्रचा स्क्रूड्रायव्हर मोठा पडला. स्क्रूंच्या डोक्यांची वाट लागली. आता ते कुठल्याच स्क्रूड्रायव्हरला दाद देणार नाहीत.

नंतर पिकअपवर धूळ दिसली म्हणून वरचं कव्हर काढून ब्रशने साफ करत होतो. आतली तार खरंच केसासारखी असते. शरच्चंद्र म्हणाला, विद्याधर, एक केस निघालाय बघ बाहेर, ओढ. ओढला.

तो केस नव्हता.

शरच्चंद्रला घड्याळ बघून एकदम आठवलं की बायको वाकोल्याला वाट बघतेय. सोल्डरिंगची दांडी इथेच राहिली. बुधवारपर्यंत काळजी करू नकोस म्हणाला. बुधवारी काय आहे ते कळलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

ऑफिसात शरच्चंद्र रजेवर.

दोनपैकी पुढचा पिकअप मुका. मागचा चालू आहे, पण कण्हल्यासारखा. परिस्थिती हातात आहे. अजून बारा दिवस. मुका पिकअप परत गुंडाळायचा. लोक मोटरी गुंडाळतात, ही तर एवढीशी पट्टी.

गोरेगाव पूर्वेला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. दुकानदार म्हणाला, याच्यापेक्षा बारीक माझ्याकडे येत नाही साहेब, आणि हे काय बनवताय? मी सांगितलं नाही. जाड तार, जाड आवाज. विचार करूनच घेतली.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आज घरी हळदीकुंकू. वसुधाने सकाळीच सांगितलं होतं की हॉलमधला तो पसारा उचला. मी ऑफिसला जायच्या घाईत सगळे बारीक भाग एका स्टीलच्या डब्यात भरले. तिने हलवा तसल्याच डब्यात भरलेला. यात माझी चूक काय? डबे तिच्या आईने सारखे दिलेत.

घरी आलो तेव्हा बायका गेलेल्या. फक्त सुंदराबाई बसल्या होत्या, गालात काहीतरी घोळवत. बराच वेळ घोळवलं. मग वसुधाला म्हणाल्या, यंदा पाक जरा कडक झाला गं.

ते स्विचवरचं पांढरं टोपण होतं.

धुऊन परत घेतलं. वसुधा रात्री जेवताना बोलली नाही. मी तिळगूळ दिला. घेतला. गोड बोल म्हटलं. त्यावर तिने नुसतं बघितलं.

१५ जानेवारी, बुधवार

वसुधा देवळात गेली असताना तिच्या शिवणाच्या मशीनवर पिकअप गुंडाळला. मशीनला बॉबिन भरायची चक्री असते ना, तिच्यावर मेणाने पट्टी चिकटवली आणि पायाने चालवलं. फार सुरेख कल्पना. काही हजार वेढे द्यावे लागतात. मी मोजत होतो. मध्येच बेल वाजली, सुंदराबाई. आज गिटार लावणार नाही का, कीर्तन आहे. परत आलो तोवर आकडा विसरलो. अंदाजाने पुढे गेलो.

जाड तारेमुळे पिकअप इतका फुगला की भोकात बसेना. चाकूने भोक मोठं केलं. बसला. बोलत नाही.

मशीनच्या चक्रीतून आता किर्र आवाज येतो. वसुधाला अजून माहीत नाही. त्या चुंबकाला तिच्या सुयांचा अख्खा पुडा चिकटला होता, काढताना दोन सुया वाकल्या. त्याही नव्या आणून ठेवाव्यात.

सकाळी चालायला जायचं राहतंय. पण रोज मनात येतं, म्हणजे सवय लागतेय.

१७ जानेवारी, शुक्रवार

माणिक आला.

मी हॉलच्या खिडकीशी होतो. खरं तर दाराशी जायला हवं होतं. वसुधाने त्याला आधी चहा दिला, मावशीचं विचारलं. मावशीला आता भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. मग तो गॅलरीत गेला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं ओरडेल. मी त्याची तयारीही करून ठेवली होती, काय काय बोलायचं त्याची.

तो ओरडला नाही. बाहेर येऊन खाली बसला आणि म्हणाला, भाऊजी, ब्रिजच्या खाली जाणारी वायर कुठाय?

मी त्याला लाकडाचा सिद्धांत सांगितला. पूर्ण ऐकून घेतला त्याने. मग म्हणाला, ती लाकडात जात नाही भाऊजी. लाकडातून ब्रिजला जाते. सगळ्या तारांचं अर्थिंग होतं ते.

हे गिटारवर कुठेतरी लिहायला हवं होतं.

१८ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते शांतपणे लिहितो.

माणिकने सकाळी अँप्लिफायरला जाणारी लांब वायर हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. एके ठिकाणी थांबला. तिथे ती चपटी झालेली. नाताळच्या सुट्टीत, ओल दिसली म्हणून मी लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं होतं, त्याचा पाय वायरवर आला. आतली अर्थिंगची जाळी तुटलेली. घोंघों त्या वायरची होती. गिटारला काहीही झालेलं नव्हतं.

माणिकने तेवढा भाग कापला, दोन टोकं जोडली. पाच मिनिटांचं काम. वायर ठणठणीत झाली.

वसुधा कपाटाकडे बघत होती. मग माझ्याकडे. मग परत कपाटाकडे.

मी म्हटलं, एक प्रकारे बरंच झालं. मी गिटार उघडून सगळं तपासलं नसतं, तर दोष गिटारमध्ये नाही हे सिद्ध कसं झालं असतं? माणिक उठला आणि वांद्र्याला गेला.

संध्याकाळ

वांद्र्याचा माणूस गोव्याला गेलाय, महिनाअखेरीस येईल. दुकानाला कुलूप.

२१ जानेवारी, मंगळवार

माणिक दुसरी गिटार मागून आणायला फिरतोय. अंधेरी, मालाड, बोरिवली. कुणाकडेच नाही. सव्वीस जानेवारीला प्रत्येक सोसायटीत सत्यनारायण आणि आदल्या दिवसापासून गाण्यांचे कार्यक्रम. मुंबईतली प्रत्येक गिटार बुक.

तो घरी आला की मी काहीतरी विचारतो. जेवलास का. चहा टाकू का. तो उत्तर देतो, भाऊजी असं म्हणतोसुद्धा. पण डोळ्यांकडे बघत नाही. यापेक्षा ओरडला असता तर बरं. मला वेळेवर उत्तर तरी देता आलं असतं.

दुपारी ऑफिसात बॅलन्स जुळत नव्हता. तीनदा बेरीज केली. शरच्चंद्र समोरून गेला, फाइल तोंडाशी धरून.

२३ जानेवारी, गुरुवार

माणिकने आहे त्यातून जमेल तेवढं केलं. मागचा पिकअप एकटा चालतो. ब्रिजला बाहेरून एक वायर गुंडाळून ती खाली जोडलीय, सेलोटेप लावून. बारीक आवाज येतो, पण येतो. मध्येच बातम्या येतात. संध्याकाळी जास्त.

मी रात्रभर विचार केला आणि उपाय काढला. डबल अर्थिंग. ब्रिजवरून आणखी एक लांब वायर काढून पाण्याच्या नळाला लावायची. नळ जमिनीत जातो. जमीन म्हणजे अर्थ. धडा पहिला. माणिकला सांगितलं आणि म्हटलं, मी येतो ट्रायलला, नळाशी मी स्वतः उभा राहतो.

मला वाटलं नाही म्हणेल. त्याने जरा विचार केला, वसुधाकडे बघितलं आणि म्हणाला, चालेल भाऊजी. हॉलचा नळ स्टेजच्या मागे आहे. तुम्ही तिथे थांबा. काही झालं तरी वायर सोडू नका.

किती दिवसांनी माझ्यावर काही सोपवलं त्याने. मला भरून आलं. लांब वायर आणली, पिवळी.

२५ जानेवारी, शनिवार

घरी आलोय. लिहायचं की नाही असं वाटत होतं. लिहितो.

गोरेगावातलाच हॉल. गुणाजी परब म्हणजे पन्नाशीचे, जाड मिशा, मूळचे कुडाळचे. खुर्चीत उलटे बसतात. स्टेजवर त्यांचे वादक. दोन मुलं आधी वाजवून गेली. माणिकने पांढरा शर्ट घातला होता, वसुधाने इस्त्री केलेला. ती तिसऱ्या रांगेत बसली. मी पिवळी वायर सोडत सोडत स्टेजमागे गेलो. मागे एक मोरी, तिथे नळ. वायरचं टोक नळाला गुंडाळलं, पण नळ गंजका, पकडत नव्हता. म्हणून हाताने दाबून धरलं. वाकून. मोरीचं दार अर्धवट लागतं, त्यामुळे स्टेज दिसत नाही. ऐकू येतं ते टाकीत पाणी पडण्याच्या आवाजातून जेवढं येईल तेवढं.

माणिकने सुरू केलं. मला ऐकू आलं. बारीक, पण स्वच्छ. घोंघों नाही! मी घट्ट दाबलं.

तेवढ्यात हॉलचा एक माणूस कपबशा विसळायला आला. साहेब, सरका. मी म्हटलं, सरकता येणार नाही, मी अर्थिंगला आहे. तो म्हणाला, कशालाही असा, मला कप धुवायचेत. मी म्हटलं, दोन मिनिटं. त्याने नळ सोडला. पाणी हातावर आलं, हात निसटला. फार तर एका श्वासापुरता.

आणि स्टेजवरून पुरुषाचा भारदस्त आवाज आला. हवामान कोरडे राहील.

हॉलमध्ये हसू फुटलं. मी वायर परत दाबली. हवामान चालूच राहिलं. विदर्भात तुरळक ठिकाणी. मी इतकं दाबलं की तळहाताला खाच पडली, अजून आहे. गुणाजींचा आवाज ऐकू आला, अरे ह्यो मधीच कोण बोलता? आमका हवामान नको रे झिला, गाणा होया!

मग गिटार बंद पडली. घोंघों नाही, हवामान नाही, काहीच नाही. काहीतरी बोलणं झालं, ते कळलं नाही. नंतर टाकी भरायला लागली जोरात, आणि त्या आवाजात स्टेजवरचं सगळंच बुडून गेलं.

मी वायर सोडली नाही. माणिकने सांगितलं होतं, काही झालं तरी सोडू नका. म्हटलं, तो पुन्हा सुरू करेल तेव्हा अर्थिंग तयार हवं. कमरेत कळ यायला लागली. कपवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने मलाही अर्धा कप चहा आणून दिला. एका हाताने प्यालो.

शेवटी वसुधा शोधत आली. दारात उभी राहिली. म्हणाली, अहो, संपलं कधीच. चला.

झालं होतं असं. गिटार बंद पडल्यावर गुणाजींनी त्या दुबईला जाणाऱ्या वादकाची गिटार माणिकला दिली. ह्येच्यावर वाजव म्हणाले. आणि माणिकने वाजवलं. वसुधा सांगत होती, हॉल गप्प झाला होता. ढोलकीवाला उठून पुढे आला ऐकायला. एक संपल्यावर गुणाजींनी आणखी एक वाजवायला लावलं, मग आणखी एक. मग उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. जागा पक्की. गिटारही ऑर्केस्ट्राचीच मिळणार.

तिन्ही गाणी सगळ्यांनी ऐकली. कपवाल्यानेसुद्धा.

मी माणिकचं अभिनंदन केलं. तो पहिल्यांदा डोळ्यांकडे बघून हसला. म्हणाला, भाऊजी, तुमचा शर्ट भिजलाय.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीत सत्यनारायण. प्रसाद खाल्ला. सर्वांना सांगितलं की माणिकच्या ट्रायलची टेक्निकल बाजू माझ्याकडे होती. सेक्रेटरी वा म्हणाले.

वसुधा घरी आल्यावर म्हणाली, तुम्हाला तिथे मोरीत उभं कुणी केलं आणि का केलं, याचा विचार केलात का? मी म्हटलं, जबाबदारीचं काम माणूस विश्वासातल्या माणसालाच देतो. तिने माझ्या तळहाताला मात्र खोबरेल लावून दिलं.

२९ जानेवारी, बुधवार

माणिक चालला. ऑर्केस्ट्राची मुलं परळला एका खोलीत राहतात, रोज तालीम असते, गोरेगावहून येणंजाणं जमणार नाही. दौऱ्यानंतरही तिथेच राहणार. हे त्याने वसुधाला आधी सांगितलं होतं. मला आज कळलं.

एक बॅग, एक वळकटी. सहा वर्षांचं सामान एवढंच होतं हे मला माहीत नव्हतं. लाल गिटार गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाला, ही राहू दे तुमच्याकडे. तुम्हाला आवड आहे.

वाकून नमस्कार केला. मला खूप काही बोलायचं होतं. म्हणजे असं की, गॅलरी तुझीच आहे, कधीही ये. की मला त्या गिटारमध्ये हात घालायचा नव्हता, मला फक्त. पण शब्द सापडले नाहीत, आणि मी म्हटलं, स्टेजवर अर्थिंग बघत जा.

हो भाऊजी, म्हणाला. रिक्षा खाली उभी होती.

२ फेब्रुवारी, रविवार

गॅलरीची खिडकी दिवसभर उघडी. गिटार पूर्ण दुरुस्त करून माणिकला परत द्यायची असा विचार आहे. तबकडी बसवायला घेतली. तीन स्क्रू जास्त उरले आणि दोन भोकं रिकामी राहिली. हे गणित मला जमलं नाही, आणि मी अकाउंट्समध्ये आहे.

वसुधाने शिवणाचं मशीन उघडलं. किर्र ऐकलं. विचारलंही नाही. झाकून ठेवलं.

सुंदराबाई येऊन गेल्या. आता गिटार वाजत नाही का? त्यांना म्हटलं, नाही, पोरगा गेला. त्या म्हणाल्या, त्याचं नाही हो, बातम्यांचं विचारतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सुंदराबाईंकडे फोन आला, कणकवलीहून ट्रंक कॉल. वसुधा चप्पल न घालता धावली. मी मागून. त्यांच्या दारात उभा राहिलो, माझी पाळी येईल म्हणून. काय बोलायचं ते मनात पक्कं करून ठेवलं होतं. या वेळी अर्थिंगचं नाही. वसुधा हो हो म्हणत होती, जेवतोस ना, खोकला कसाय. मी हात पुढे केला. तिने रिसीव्हर द्यायला काढला, आणि लाइन कट.

दोन मिनिटं थांबलो. परत लागला नाही.

घरी आल्यावर सहज विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का?

हो, म्हणाली. काल शो ऐन रंगात आला असताना सबंध गावातले दिवे गेले. अंधार, दोन हजार माणसं ओरडतायत. म्हणाला, भाऊजींना सांग, मला पहिली आठवण त्यांची आली.

मग वसुधाला म्हटलं, बघ, अडचणीत माणसाला आपलं माणूसच आठवतं.

ती हसली. किती दिवसांनी हसली. मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि तिथेही हसत राहिली.

बरं वाटलं. कशाला हसली ते विचारलं नाही.